कॉग्निटिव्ह रेडिओ जालांतील रिले-झोतरचना : व्यतिकरणविषयक गृहीतकांची चिकित्सा (विशेष संदर्भ : भिवंडी व पालघर परिसर)

गोषवारा : परवानाधारकाच्या वारंवारतेत त्यास बाधा न पोहोचवता दुसऱ्याने संदेशवहन करावे, ही कॉग्निटिव्ह रेडिओमागील मूळ कल्पना होय. अनेक रिले एकत्र येऊन आपल्या लहरींचा झोत इच्छित ग्राहीकडे वळवतात आणि परवानाधारकाच्या ग्राहीकडे जाणारी शक्ती खोडून काढतात, असे प्रारूप मांडणारे विपुल लेखन २००८ नंतरच्या काळात झाले. प्रस्तुत लेखात या लेखनातील व्यतिकरणविषयक गृहीतकांची चिकित्सा केली असून पालघर परिसरातील प्रयोग व भिवंडीतील प्रत्यक्ष परिस्थिती यांच्या आधारे त्यांची मर्यादा तपासली आहे.

बीजशब्द : कॉग्निटिव्ह रेडिओ, रिले, झोतरचना, व्यतिकरण, टीव्ही श्वेतपट्टा, भिवंडी, पालघर.

प्रस्तावना

भारतीय संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये संमत केलेल्या दूरसंचार अधिनियमाच्या सातव्या कलमात एक महत्त्वाची तरतूद आहे. एखाद्या संस्थेला आधीच नेमून दिलेला स्पेक्ट्रम केंद्र सरकार आणखी एखाद्या संस्थेलाही नेमून देऊ शकते. पहिल्या संस्थेस प्राथमिक धारक व दुसरीस दुय्यम धारक म्हणावयाचे. अट एवढीच की, दुय्यम धारकामुळे प्राथमिक धारकाच्या वापरात हानिकारक व्यतिकरण होता कामा नये. हे कलम जुलै २०२४ मध्ये अमलात आले. कॉग्निटिव्ह रेडिओवरील संशोधनलेखन ज्यांच्या वाचनात आहे, त्यांना ही भाषा परिचित वाटेल. 'प्राथमिक' व 'दुय्यम' हे शब्द, त्यांतील श्रेणीक्रम आणि बाधा न आणण्याची अट या तिन्ही गोष्टी त्या लेखनात गेली दोन दशके वावरत आहेत. मात्र 'हानिकारक' म्हणजे किती, ते कोणी मोजायचे आणि मोजण्यात चूक झाली तर तिचा भुर्दंड कोणी सोसायचा, हे प्रश्न त्या लेखनात ज्या सहजतेने सुटलेले दिसतात, तितक्या सहजतेने ते माणकोलीच्या गोदामात किंवा खामलोलीच्या पाड्यात सुटतील असे नाही. कायद्याने ती भाषा स्वीकारल्यानंतर तिच्या पोटातील गृहीतके तपासणे हे केवळ विद्युत अभियांत्रिकीच्या विभागापुरते काम राहिलेले नाही.

संकल्पनेची घडण

'कॉग्निटिव्ह रेडिओ' ही संज्ञा जोसेफ मिटोला व गेराल्ड मॅग्वायर यांच्या १९९९ मधील लेखाने रूढ झाली. आपल्या भोवतालची परिस्थिती ओळखून स्वतःचे वर्तन बदलणारे रेडिओयंत्र, असा तिचा मूळचा अर्थ बराच व्यापक होता. वापरणाऱ्याची गरज ओळखण्यापर्यंत मिटोला यांची कल्पना जात होती. सायमन हेकिन यांच्या २००५ मधील प्रदीर्घ लेखानंतर हा अर्थ आकसला आणि 'रिकामा स्पेक्ट्रम शोधणारे यंत्र' एवढाच उरला. हा संकोच फलदायी ठरला हे मान्य करावे लागेल, कारण त्यामुळेच प्रश्न गणिताच्या कक्षेत आला. २००९ मध्ये अँड्रिया गोल्डस्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहअस्तित्वाचे तीन प्रकार स्पष्ट केले. परवानाधारक गप्प असताना बोलणे हा एक. तो बोलत असतानाच त्याला जाणवणार नाही इतक्या हळू बोलणे हा दुसरा. आणि त्याचा संदेश आधीच ठाऊक असल्यास त्याला मदत करून त्या बदल्यात स्वतःचे काम साधणे हा तिसरा. रिले-झोतरचनेवरील बहुसंख्य लेख दुसऱ्या प्रकारात मोडतात.

रिलेचा इतिहास याहून जुना आहे. एडवर्ड व्हॅन डर म्यूलेन यांनी १९७१ मध्ये मांडलेला व थॉमस कव्हर आणि अब्बास एल गमाल यांनी १९७९ मध्ये पुढे नेलेला तीन टोकांचा प्रश्न असा : पाठवणारा व घेणारा यांच्यामध्ये तिसरा उभा राहिला, तर किती माहिती जास्त पोहोचू शकेल? त्याचे सर्वसाधारण उत्तर आजही पूर्णपणे हाती आलेले नाही. २००४ मध्ये लेनमन, त्से व वॉर्नेल यांच्या लेखाने विखुरलेल्या साध्या यंत्रांनी एकमेकांस सहकार्य करावे, हा विचार अभियंत्यांच्या आवाक्यात आणला. त्यानंतर चारच वर्षांत शाहराम शाहबाझपनाही व सहकारी यांनी रिलेंच्या जालाला एका विखुरलेल्या अँटेनासमूहाचे रूप दिले.

झोतरचनेचे तत्त्व दिंडीतल्या टाळांवरून समजू शकते. चार टाळकरी एकाच क्षणी टाळ वाजवतील तर आवाज ठसठशीत उठतो, मागेपुढे वाजवतील तर नुसता कलकलाट होतो. समान आयामाच्या चार लहरी एकाच कलेत ग्राहीपाशी पोहोचल्या, तर मिळणारी शक्ती एका लहरीच्या शक्तीच्या १६ पट असते. कला विस्कळीत असतील तर सरासरीने ती केवळ ४ पट भरते. प्रत्येक रिलेने आपल्या लहरीची कला व आयाम किती बदलावा, याचे गुणांक काढणे म्हणजे झोतरचना. याच गुणांकांची निवड अशीही करता येते की, विशिष्ट ठिकाणी या लहरी एकमेकींस खोडून काढतील. परवानाधारकाचा ग्राही त्या ठिकाणी असला, की त्याला काही ऐकू येणार नाही. 'व्यतिकरण' हा पाठ्यपुस्तकी मराठी शब्द येथे इंग्रजी शब्दाहून अधिक न्याय्य वाटतो. इंग्रजी शब्दात ढवळाढवळीचा आरोप आहे. 'व्यतिकरण' केवळ लहरींची भेट सुचवतो, आणि भेटीतून वाढही होते व लोपही होतो. ज्या घटनेला टाळावयाचे आहे, तिचाच उपयोग करून तिला टाळणे, हे या प्रारूपाचे खरे सौंदर्य आहे.

लेखनाचे यश

टीकेपूर्वी श्रेय देणे आवश्यक आहे. रुई झांग व यिंग-चांग लियांग यांच्या २००८ मधील लेखाने परवानाधारकाचे संरक्षण हे एक असमीकरण म्हणून लिहिले : त्याच्या ग्राहीपाशी पोहोचणारी एकूण शक्ती ठरावीक मर्यादेच्या खाली असावी. हे पाऊल दिसते साधे, परंतु त्यामुळे 'बाधा नको' या नैतिक सूचनेला मोजता येण्याजोग्या अंदाजपत्रकाचे रूप आले. प्रत्येक रिलेला आपला वाटा किती, हे आता विचारता येऊ लागले. रिले-झोतरचनेचे लेखन याच असमीकरणावर उभे आहे. मिळणारे गणिती कूट बहुधा सरळ सुटत नाही. मग एक अडचणीची अट तात्पुरती सोडून देऊन ते सुटण्याजोगे केले जाते आणि मिळालेल्या उत्तरावरून मूळ उत्तराकडे परत यावे लागते. मर्यादा मोजक्या असतील तर ही वाट नेमकी उत्तरापाशी नेते. त्या वाढल्या की जवळपासच्या उत्तरावर समाधान मानावे लागते. गणितदृष्ट्या या लेखांत खोट काढण्याजोगे फारसे काही नाही.

शाहबाझपनाही व सहकाऱ्यांच्या २००८ मधील लेखाचा येथे वेगळा उल्लेख व्हायला हवा. संदेशमार्गाची क्षणोक्षणीची अचूक माहिती रिलेंना असते, असे त्यात धरलेले नाही. केवळ तिचे सांख्यिकीय स्वरूप ठाऊक आहे, एवढेच मानले आहे. २००९ मध्ये यिंदी जिंग व हमीद जाफरखानी यांनी मात्र संपूर्ण माहिती गृहीत धरून अधिक देखणे उत्तर दिले. नंतरच्या असंख्य लेखांनी दुसरी वाट धरली, कारण त्या वाटेने निघणारे आलेख अधिक उंच जातात.

शून्याचा नाजूकपणा

या प्रारूपाचा खरा दुबळा भाग कोठे आहे, हे दोन रिलेंच्या साध्या हिशेबातून दिसते. समान आयामाच्या दोन लहरी इच्छित ग्राहीपाशी जुळवून आणावयाच्या आहेत आणि परवानाधारकाच्या ग्राहीपाशी खोडून काढावयाच्या आहेत, असे समजू. कलेत १० अंशांची चूक झाली, तर इच्छित ग्राहीचा तोटा १ टक्क्याहूनही कमी. तो कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु जेथे शून्य अपेक्षित होते, तेथे एका रिलेच्या शक्तीच्या सुमारे ३ टक्के शक्ती शिल्लक राहते. चूक ३० अंशांची झाली, तर इच्छित ग्राहीचा तोटा ७ टक्क्यांच्या आत राहतो, पण 'शून्या'च्या जागी एका रिलेच्या शक्तीच्या जवळजवळ २७ टक्के उरतात.

हा हिशेब नवा नाही. लहरींचे गणित शिकलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला तो करता येईल. त्याचा अर्थ मात्र या लेखनात क्वचितच उलगडला जातो. झोत क्षमाशील असतो, शून्य नसते. ज्याने चूक केली त्या दुय्यम वापरकर्त्याला तिची झळ जवळजवळ लागत नाही; जो या व्यवहारात सहभागीच नाही त्या प्राथमिक वापरकर्त्याच्या माथी ती पूर्णपणे येते. त्यामुळे स्वतःच्या ग्राहीकडून येणाऱ्या प्रतिसादावरून दुय्यम जालाला आपली चूक कळण्याचा मार्ग नाही. त्याच्या दृष्टीने सारे सुरळीत चालू असते.

आणि चूक होणे ही अपवादात्मक गोष्ट नव्हे. संदेश उकलून तो नव्याने प्रक्षेपित करणाऱ्या दोन रिलेंचा विचार करावा. ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास काम करताना त्यांच्या आंदोलकांमध्ये दशलक्षांत एक भागाचा फरक असला, तर त्यांच्या लहरी सेकंदाला ५०० आवर्तनांनी एकमेकींपासून दूर सरकतात. म्हणजे सतत दुरुस्ती न केल्यास अर्ध्या मिलिसेकंदात ९० अंशांची तफावत पडते. संदेश न उकलता केवळ वाढवून पुढे पाठवणाऱ्या रिलेंची अडचण निराळी आहे. त्यांच्यापाशी संदेशाबरोबर गोंगाट येतो आणि परवानाधारकाच्या प्रक्षेपकाची लहरही येते; रिले हे सारे सारख्याच प्रमाणात वाढवून पुढे ढकलतो. शिवाय ऐकण्यासाठी एक व बोलण्यासाठी एक असे दोन कालखंड लागत असल्याने वेग निम्म्यावर येतो, हे सर्वच लेखांत सूत्राच्या आरंभी असलेल्या 'अर्धा' या गुणकाने प्रामाणिकपणे नोंदवलेले असते.

चुकीची दखल घेणारे लेखनही आहे. संदेशमार्गाच्या माहितीतील चूक एका विशिष्ट मर्यादेच्या आत आहे असे धरून, त्या मर्यादेतील सर्वांत वाईट परिस्थितीतही परवानाधारक सुरक्षित राहील असे गुणांक काढण्याची रीत २००९ च्या सुमारास पुढे आली. ही रीत निश्चितच अधिक जबाबदार आहे. पण ती मर्यादा ठरवतो कोण? लेखकच. एका लेखात ती एक असते, दुसऱ्यात निराळी, आणि कोणत्या रस्त्यावरच्या, कोणत्या ऋतूतल्या मोजणीवरून ती आली हे सांगण्याची प्रथा नाही.

मौनी ग्राही

याहून मूलभूत अडचण परवानाधारकाच्या ग्राहीची आहे. त्याच्या ठिकाणी लहरी खोडून काढावयाच्या, तर रिलेपासून त्याच्यापर्यंतचा मार्ग ठाऊक हवा. मोबाईल फोनच्या बाबतीत हे काही प्रमाणात शक्य असते, कारण फोन बोलतोही. पण ज्या सेवेला डोळ्यांसमोर ठेवून कॉग्निटिव्ह रेडिओची चर्चा सुरू झाली, ती भूस्थित दूरचित्रवाणीची होती. आणि दूरचित्रवाणी संच केवळ ऐकतो. तो कोणत्या घरात आहे, चालू आहे की बंद, त्याचा अँटेना कौलावर आहे की खिडकीत, हे कोणताही रिले त्याच्याकडून जाणून घेऊ शकत नाही. बंद घराच्या आतून कोणी कान लावून बसले आहे काय, हे बाहेरून नुसते ऐकून कसे कळणार?

अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. हेकिन यांच्या लेखात मध्यवर्ती असलेली 'व्यतिकरण तापमान' ही कल्पना त्या नियामकाने २००३ मध्ये चर्चेसाठी मांडली होती. ग्राहीपाशी साचणाऱ्या एकूण व्यतिकरणाला एक कमाल मर्यादा घालावी आणि तिच्या आत कोणालाही बोलू द्यावे, असा तिचा आशय होता. ही मर्यादा प्रत्यक्षात मोजण्याचा व्यवहार्य मार्ग न सापडल्याने २००७ मध्ये तो प्रस्ताव मागे घेण्यात आला. २००८ मध्ये टीव्हीच्या रिकाम्या वाहिन्यांच्या वापराला परवानगी देताना यंत्राने स्वतः लहर ओळखावी आणि शिवाय नोंदवहीही पाहावी, अशी दुहेरी अट घालण्यात आली. २०१० मध्ये नोंदवही पाहणाऱ्या यंत्रांना स्वतः ओळखण्याच्या अटीतून मोकळे केले गेले. म्हणजेच 'बोधक्षम' यंत्राचा बोध बाजूस ठेवून प्रक्षेपकांची जागा, उंची व शक्ती यांची एक सरकारी यादी पुरेशी मानण्यात आली. ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात २०१५ च्या नियमांनी नौदलाची रडारे ओळखण्याचे काम किनाऱ्यावरील स्वतंत्र संवेदकांकडे सोपवले, तेही दुय्यम वापरकर्त्याच्या यंत्रावर विसंबून न राहण्यासाठीच. नियामक आपल्या निष्कर्षापर्यंत पोहोचले त्याच काळात रिले-झोतरचनेचे लेख मोठ्या संख्येने येऊ लागले होते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. व्यतिकरण तापमान नियमांतून गेले. लेखांच्या असमीकरणांत ते दुसऱ्या नावाने राहिले.

पालघरचा धडा

महाराष्ट्रात या विषयाचा जमिनीवरील अनुभव आहे आणि तो भिवंडीपासून फार दूरचा नाही. २०१४ पूर्वी भिवंडी व पालघर हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातच होते. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील अभय करंदीकर, अनिमेष कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर परिसरात खामलोली येथे टीव्ही श्वेतपट्ट्याचा प्रयोग उभा केला. त्याचे वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी २०१४ मध्ये याच गटातील गौरांग नाईक व इतरांनी उत्तर विभाग वगळता देशाच्या चार विभागांत ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात किती जागा रिकामी आहे, याचा पद्धतशीर अंदाज केला होता. १२० मेगाहर्ट्झपैकी सरासरी १०० हून अधिक मेगाहर्ट्झ रिकामे, असे त्यांचे उत्तर होते. इतकेच नव्हे, तर दूरदर्शनच्या प्रक्षेपकांची वारंवारता नीट पुनर्वाटप केली तर त्या पट्ट्यातील सर्व प्रसारण ८ मेगाहर्ट्झच्या चार वाहिन्यांत, म्हणजे ३२ मेगाहर्ट्झमध्ये मावेल, असेही त्यांनी दाखवले.

या एका आकड्याने रिले-झोतरचनेच्या दुसऱ्या प्रकारातील लेखनाचा पाया हलतो. परवानाधारक बोलत असताना त्याच्याच वारंवारतेत, त्याच्या कानाशी शून्य निर्माण करत, हळू आवाजात बोलण्याचे कष्ट घ्यावेत ते जागेची टंचाई असेल तर. येथे पंधरापैकी बहुतेक खोल्या रिकाम्या होत्या. पालघरमधील अडचण वेगळी होती : ग्रामपंचायतीपर्यंत आलेली किंवा येऊ घातलेली प्रकाशतंतूची तार पाड्यापर्यंत कशी पोहोचवावी? झाडी, चढउतार, विजेचा भरवसा नाही, आणि पाड्यातल्या माणसाची ऐपत बेताची. ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीचा उपयोग येथे होता तो तिच्या पल्ल्यासाठी. समान लाभाचे अँटेना धरले, तर मोकळ्या जागेत ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा तिची ग्राहीपाशी मिळणारी शक्ती सुमारे १३५ पट असते, आणि झाडीतूनही ती बरी निभावते. त्या प्रयोगाचा विषय रिले-झोतरचना नव्हता. मधला टप्पा साध्या, स्वस्त उपकरणांनी ओलांडावा, हा त्याचा रोख होता.

पुढे काय झाले तेही नोंदवण्याजोगे आहे. याच गटाच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पास मार्च २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले, परंतु गावे जोडताना ५.८ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्याचा आश्रय घेतला गेला. टीव्ही श्वेतपट्ट्याच्या सार्वत्रिक वापराला भारतात वाट मिळाली नाही. भौतिकशास्त्र अनुकूल, मोजणी अनुकूल, गरज उघड. अडले ते परवान्याच्या कागदावर. ज्या सेवेला बाधा होऊ नये म्हणून ही काळजी, तिची स्थिती तर अशी की, प्रसारभारतीने आपले जुने अ‍ॅनालॉग भूस्थित प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करत आणले आणि २०२२ पर्यंत सामरिक महत्त्वाच्या सुमारे ५० ठिकाणांपुरतेच ते ठेवण्याचे धोरण जाहीर केले. प्राथमिक वापरकर्ता खोली सोडून गेला, तरी दुय्यमाला किल्ली मिळाली नाही.

भिवंडीची परिस्थिती

भिवंडी शहरात चित्र नेमके उलटे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ७ लाख वस्तीचे हे शहर यंत्रमागांचे म्हणून ओळखले जाते. मुंबई–नाशिक महामार्ग व जुना ठाणे–भिवंडी रस्ता यांच्या आसपास माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या गावांत गोदामांची दाटी झाली आहे. येथे गर्दी आहे ती परवानामुक्त पट्ट्यांत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्याच वर्षी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टाही मोकळा झाला व पुढे तो ८६८ पर्यंत वाढवण्यात आला. मालाच्या खोक्यांवरील रेडिओ-चिठ्ठ्या आणि पडघ्याजवळच्या टोल नाक्यावर वाहनांच्या काचेवरील फास्टॅग यांचे काम याच ८६५ च्या पट्ट्यात चालते. अशी चिठ्ठी स्वतः लहर निर्माण करत नाही. वाचकयंत्राच्या लहरीचा क्षीण पडसाद तेवढा परत पाठवते. शेजारच्या दारावरचे दुसरे वाचकयंत्र त्याच क्षणी बोलू लागले, की हा पडसाद बुडतो. येथे व्यतिकरण आहे, ते व्यापाराला भोवते, आणि तरीही या दोन वाचकयंत्रांपैकी प्राथमिक कोण व दुय्यम कोण, या प्रश्नाला अर्थ नाही. दोघेही कायद्याने सारखेच. रिले-झोतरचनेच्या लेखनाने ज्या श्रेणीक्रमावर सारी इमारत रचली, तोच येथे अनुपस्थित आहे.

लेखनातील दुसरे एक गृहीतक मात्र भिवंडीला पालघरपेक्षा अधिक लागू पडते, हे मान्य केले पाहिजे. लहर अनेक अडथळ्यांवरून परावर्तित होत, थेट वाट नसताना ग्राहीपर्यंत येते, असे रेलीच्या सांख्यिकीत धरलेले असते. पत्र्याची छपरे, लोखंडी सांगाडे आणि एकमेकांना चिकटलेल्या यंत्रमागांच्या गाळ्यांतील अरुंद बोळ पाहिले, की ही कल्पना अगदीच पुस्तकी वाटत नाही. परंतु तिच्या जोडीला सर्व रिलेंचे मार्ग परस्परांपासून स्वतंत्र मानले जातात, आणि तेथे भिवंडी साथ देत नाही. एका लांबलचक गोदामाच्या पाठीशी असलेल्या चारही रिलेंवर एकच सावली पडते. एक निकामी झाला तर बाकीचे सावरतील, ही आशा त्यामुळे फोल ठरते. त्यातून ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६० सेंटिमीटर. ताशी ४० किलोमीटरने जाणारा मालट्रक सेकंदाला सुमारे ११ मीटर सरकतो, म्हणजे अठराहून अधिक तरंगलांबी. त्याच्या अंगावरून परावर्तित होणाऱ्या लहरीची कला काही मिलिसेकंदांतच ९० अंशांनी फिरते. अंजूरफाट्यावर असे किती ट्रक एका वेळी उभे व चालते असतात, हे तेथून गेलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. इतक्या वेळात प्रत्येक रिलेने मार्ग मोजायचा, तो मध्यवर्ती गणकाला कळवायचा, गुणांकांचे कूट सोडवायचे आणि उत्तर परत न्यायचे. या निरोपांच्या ये-जा करण्यालाच जो स्पेक्ट्रम लागेल, त्याचा खर्च आलेखात दाखवण्याची पद्धत नाही.

ठिकाण नसलेले संशोधन

या लेखांत ठिकाण का नसते, याचे एक कारण विषयाबाहेरचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरी निर्देशांक आणला आणि महाविद्यालयीन अध्यापकाच्या पदोन्नतीची सांगड प्रकाशित लेखांच्या गुणांशी घातली. संगणकावरील प्रतिरूपाने होणारे संशोधन त्या व्यवस्थेला सोयीचे ठरले. उपकरणे लागत नाहीत, परवाना लागत नाही, पावसाळा आड येत नाही. चार रिलेंऐवजी सहा घ्यावेत, एका परवानाधारकाऐवजी दोन धरावेत, एका दिशेच्या संदेशवहनाऐवजी दोन्ही दिशांचे करावे. प्रत्येक बदलाला एक लेख. यात कोणी लबाडी करतो असे नव्हे. गणित बरोबर असते, आज्ञावली चालते, आलेख उजवीकडे वर चढत जातो. फक्त आडव्या अक्षावर जे आहे, ते कोणत्याही गावात कोणी मोजलेले नसते. परिणामी भारतीय महाविद्यालयांतून आलेला लेख व परदेशी प्रयोगशाळेतून आलेला लेख यांत प्रारूपाचा फरक दिसत नाही, आणि पालघरच्या गटाने केलेल्या मोजणीचा संदर्भ घेऊन त्यावर उभे राहण्याची गरजही भासत नाही.

तुलनेने अल्प खर्चात या उणिवेकडे पाहता येते. संगणकाला जोडता येणारी, काही हजार रुपयांत मिळणारी सॉफ्टवेअर-रेडिओची लहान ग्राहीयंत्रे ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा आणि ८६५ चा पट्टा हे दोन्ही ऐकू शकतात. ऐकण्यापुरते हे काम असल्याने कोणाला बाधा होण्याचाही प्रश्न नाही. कामतघर, अंजूरफाटा, माणकोलीची गोदामे, पडघा आणि वज्रेश्वरीकडील डोंगरपायथा अशा पाच जागी, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी व पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, सलग नोंदी घेतल्या तर तीन गोष्टी कळतील : टीव्हीच्या पट्ट्यात आज प्रत्यक्षात कोणी बोलते आहे काय, ८६५ च्या पट्ट्यात गोदामांच्या दारांशी किती वेळा दोन यंत्रे एकावर एक बोलतात, आणि एकाच छपरावर काही मीटर अंतराने ठेवलेल्या दोन ग्राहींना पडणारी सावली खरोखर स्वतंत्र असते काय. पहिल्या दोन नोंदी पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्यांना घेता येतील. तिसरीसाठी दोन्ही ग्राहींची वेळ नीट जुळवावी लागेल, आणि त्या खटाटोपातच विखुरलेल्या रिलेंची कला जुळवणे म्हणजे काय, याची कल्पना येईल.

अधिनियमाच्या सातव्या कलमाखाली दुय्यम धारकांना जागा देताना 'हानिकारक' या शब्दापुढे कोणता आकडा लिहायचा, याचा निर्णय नियम करणाऱ्यांना घ्यावा लागणार आहे. दोन रिलेंच्या ३० अंशांच्या चुकीत उरणारे ते २७ टक्के त्या आकड्याच्या अलीकडे पडतात की पलीकडे, आणि ते उरले आहेत हे ज्याच्या घरात संच आहे त्याने कोणाकडे जाऊन सांगायचे, याचे उत्तर या विषयावरील उपलब्ध सूत्रांतून निघत नाही.